पुण्याच्या बुडीत खात्याचे खान्देशी ठेवीदार

जळगावकराला पतपेढी कशी बुडते हे शिकवावं लागत नाही. उद्घाटनाला मंत्री येतात, फीत कापतात, पेढे वाटतात. व्याज बँकेपेक्षा दोन टक्के जास्त. मग एका सकाळी शटर अर्धं खाली, बाहेर पासबुकं घेऊन उभे असलेले म्हातारे, आणि संचालकांचे फोन बंद. पुण्याच्या व्यावसायिक संघांचा मी २०११ पासून असाच ठेवीदार आहे. पतपेढीवर निदान अवसायक बसतो, मोर्चा निघतो, पेपरात ‘ठेवीदारांचा आक्रोश’ असा मथळा तरी येतो. संघ बुडाला की चाहत्याला ‘पावती दाखवा’ असंसुद्धा कुणी म्हणत नाही.

हरण्याबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकतो. कापसाचा भाव, केळीवरचा करपा, मे महिन्यातलं पंचेचाळीस अंशांचं ऊन आणि एस.टी.चं वेळापत्रक यांच्याकडून आम्ही खान्देशी दर मोसमात हरतो आणि पुढच्या मोसमात पुन्हा पेरतो. माझा राग आहे तो हरून झाल्यावर गाशा गुंडाळणाऱ्यांवर. पुण्याचा संघ आधी हरतो, मग आपल्याला हरण्याची सवय लावतो, आणि सवय अंगवळणी पडली रे पडली की नाहीसा होतो.

‘मग मुंबईला पाठिंबा द्या की,’ असं सुचवणारे पुष्कळ भेटतात. कसाऱ्याच्या अलीकडचा महाराष्ट्र मुंबईला फक्त गाडीच्या खिडकीतून दिसतो, हे सोडून देऊ. मुंबई इंडियन्सच्या चाहत्यांचं रडगाणं मात्र मला सोसवत नाही. २०१३ ते २०२० या काळात पाच करंडक घरात आले. मग २०२२ मध्ये पहिले आठच्या आठ सामने हरले, तळाला गेले. २०२४ मध्ये रोहितऐवजी हार्दिक कर्णधार झाला, वानखेडेवर घरच्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली, आणि संघ पुन्हा दहावा. काय तो शोक! सोशल मीडियावर जर्सी जाळण्यापर्यंत मजल गेली. अरे, तुमचा संघ तळाला गेला, पण होता ना? पुढच्या वर्षी परत आला ना, थेट प्लेऑफपर्यंत? दुःख करायलाही संघ जागेवर असावा लागतो. पुण्याच्या चाहत्याला ती चैन परवडलेली नाही.

आणि आम्ही पुण्याचे कसे, तर कागदोपत्रीच आहोत. जळगाव आणि धुळे हे जिल्हे महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनमध्ये येतात, आणि त्या असोसिएशनचं सगळं बिऱ्हाड पुण्यात. जळगावच्या सागर पार्कवर बॅट फिरवणाऱ्या पोराला निवड चाचणीसाठी रात्रीची ट्रॅव्हल्स धरून पहाटे पुण्यातच उतरावं लागतं. शिवाय आमचं प्रत्येक घर पुण्यात एक तरी माणूस ठेवून आहे. कुणी सदाशिव पेठेत एमपीएससीच्या नावाने कॉट बेसिसवर, कुणी चाकणच्या कंपनीत, कुणी हिंजवडीत. पाठवलेली पोरं पुण्याची झाली, तेव्हा संघही पुण्याचाच आपला मानला. यात भाबडेपणा असेल तर असो. मुंबईत जाऊन मुंबईकर होता येतं. पुण्यात वीस वर्षं राहिलेल्या खान्देश्यालाही ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न चुकत नाही. त्याच पुण्याच्या संघासाठी आम्ही घसा कोरडा केला, हे नोंदवून ठेवलं पाहिजे.

पहिला संघ पुणे वॉरियर्स. मार्च २०१० मध्ये सहारा समूहाने तो ३७ कोटी डॉलरना, म्हणजे सुमारे १,७०० कोटी रुपयांना घेतला. तोवर आयपीएलमध्ये एवढी बोली कुणी लावली नव्हती. नाव पुण्याचं, पण २०११ मध्ये घरचं मैदान नवी मुंबईतलं नेरूळ. विश्वचषक जिंकून आलेला युवराज कर्णधार होता. चौदा सामन्यांत चार विजय, दहांत नववे. दुसऱ्या वर्षी पुण्याजवळ गहुंज्याचं मैदान तयार झालं, सौरव गांगुली कर्णधार झाला, सुरुवातीलाच वानखेडेवर मुंबईला हरवलं. पहिल्या सात सामन्यांत चार विजय मिळाल्यावर आमच्याकडे काही जणांनी गुणतक्ते वहीत उतरवायला घेतले. त्यानंतरचे नऊच्या नऊ सामने संघ हरला. नऊ संघांत नववा. तिसऱ्या वर्षी आठवा, आणि या प्रगतीबद्दल आभार.

त्या तिसऱ्या वर्षातली एक तारीख, २३ एप्रिल २०१३. बंगळूर. ख्रिस गेलने ६६ चेंडूंत नाबाद १७५ काढल्या, त्यातलं शतक तीस चेंडूंत. सतरा षटकार. समोर पुणे वॉरियर्स. कर्णधार फिंचला वाटलं, आता आपणच टाकून बघू. त्याच्या एका षटकात २९ धावा गेल्या. बंगळूरचे झाले २६३, आपण कसेबसे १३३ पर्यंत पोहोचलो. गेलची ती खेळी आजही आयपीएलमधली सर्वांत मोठी आहे, आणि दर मोसमात टीव्हीवाले ती दाखवतात. त्यामुळे पुणे वॉरियर्स नावाचा संघ होता एवढं तरी नव्या पोरांना कळतं. मार खाणारे म्हणून का होईना, निळ्या जर्सीतली अकरा माणसं पडद्यावर दिसतात. तीन वर्षांच्या ४६ सामन्यांत बारा विजय आणि ही एक चित्रफीत, एवढीच शिल्लक.

महिनाभरात सहाराने बीसीसीआयशी पैशांच्या वादावरून हात वर केले. ऑक्टोबरपर्यंत संघ रद्द. गहुंज्याच्या स्टेडियमवर मालकाचं नाव होतं, पैसे थकले म्हणून तेही उतरलं. आता सहारा म्हटलं की पुण्याच्या माणसाला क्रिकेट आठवत असेल. आमच्याकडे वेगळंच आठवतं. देशभरच्या छोट्या गावांत ज्यांचे एजंट दारोदार फिरून रोजची दहा-वीस रुपयांची बचत गोळा करत, तोच हा समूह. ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या दोन कंपन्यांना चोवीस हजार कोटींवर रक्कम गुंतवणूकदारांना परत करायला सांगितली. त्याच समूहाच्या सहकारी सोसायट्यांत अडकलेल्या ठेवींच्या परताव्यासाठी केंद्राचं पोर्टल उघडायला २०२३ उजाडलं. गावोगावच्या ठेवीदाराला पोर्टल मिळालं, चाहत्याला तेही नाही. मी पतपेढीची आठवण काढली ती उगाच नव्हे.

मग २०१६. चेन्नई आणि राजस्थानवर दोन वर्षांची बंदी आली आणि त्या फटीतून पुण्याला पुन्हा संघ मिळाला. रायझिंग पुणे सुपरजायंट्स. मालक कोलकात्याचे संजीव गोएंका, कर्णधार धोनी. दोनच वर्षांचा संघ आहे हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरीही लोकांनी जर्स्या घेतल्या. दोन वर्षांच्या भाडेकरूसाठी रांगोळी काढणारे आम्हीच.

त्या उन्हाळ्यात मराठवाड्यात पाणी नव्हतं. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. आमच्याकडे शिंदखेडा-अमळनेर पट्ट्यात टँकर आला की हंड्यांची रांग लागायची. अशात खेळपट्ट्यांवर लाखो लिटर पाणी ओतायचं का, असा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर न्या, असा आदेश झाला. आदेश योग्यच होता. त्याला नाकं मुरडणाऱ्यांनी एकदा हंडा घेऊन त्या रांगेत उभं राहायला हवं होतं. पण बघा, पुण्याच्या संघाला विशाखापट्टणमचं नवं घर मिळायला आठवडाभरही लागला नाही. घर म्हणजे काय, हे आम्हालाही तेव्हाच समजलं. आंध्रच्या समुद्रकाठी ‘होम मॅच’, आणि जळगावात आम्ही ‘आपलं मैदान आपल्याला साथ देईल’ म्हणत टीव्हीसमोर. चौदांत पाच विजय, आठांत सातवे.

पुढच्या वर्षी धोनीला कर्णधारपदावरून काढलं, स्मिथला आणलं, संघाच्या नावातला शेवटचा ‘स’ काढून टाकला, आणि बेन स्टोक्सवर साडेचौदा कोटी खर्च केले. खोटं कशाला बोलू, तो मोसम झकास होता. आपल्याच रणजी संघातला राहुल त्रिपाठी दहा लाखांत घेतलेला, त्याने ३९१ धावा ठोकल्या. मुंबईला साखळीत दोनदा आणि प्लेऑफमध्ये एकदा असं तीनदा लोळवलं. साडेचौदा कोटींचे स्टोक्स प्लेऑफच्या तोंडावर इंग्लंडच्या ड्यूटीवर निघून गेले, तरी संघ अंतिम फेरीत. २१ मे २०१७, हैदराबाद, समोर पुन्हा मुंबईच.

मी तो सामना धुळ्याबाहेर पारोळा रस्त्यावरच्या एका ढाब्यावर पाहिला. गल्ल्याच्या वर टीव्ही, खाली शेवभाजीचा तवंग असलेली पातेली, बाकड्यांवर नागपूर-सुरत रस्त्याने जाणारे ट्रकवाले. मुंबईने फक्त १२९ काढल्या होत्या. पुण्याला शेवटच्या षटकात अकरा हव्या होत्या. जॉन्सनच्या पहिल्याच चेंडूवर मनोज तिवारीने चौकार मारला. पुढच्या चेंडूवर तो झेल देऊन गेला, त्याच्या पुढच्यावर अर्धशतक केलेला स्मिथ गेला. शेवटच्या चेंडूवर चार हव्या होत्या. दोन धावून काढल्या, तिसरीसाठी पळताना गडी बाद. १२८. एका धावेने हरलो. ढाबेवाल्याने रोटी उलटताना मान वळवून विचारलं, ‘आज बी हारनी का भो तुनी पुनानी टीम?’ त्याच्या आवाजात कीव नव्हती, ही मला त्या रात्रीची सर्वांत चांगली गोष्ट वाटली. त्याला बिचाऱ्याला बिलाची काळजी होती. पाच जणांची जेवणं उधारीवर जातात की काय, अशी.

एका धावेने हरलेला संघ दुसऱ्या वर्षी काय करतो? जगात कुठेही तो दात-ओठ खाऊन परत येतो. चाहते वर्षभर त्या तिसऱ्या धावेवर वाद घालतात, आणि पुढचा मोसम त्या वादाच्या जोरावर सुरू होतो. आमच्याकडे पुढचा मोसमच नव्हता. बंदी संपली, चेन्नई-राजस्थान परत आले, पुण्याचं शटर खाली. सूड घ्यायला संघ नाही, आणि मुंबईवाल्यांनी डिवचलं तर ‘पुढच्या वर्षी बघून घेऊ’ म्हणायचीही सोय नाही. गोएंकांनी २०२१ मध्ये ७,०९० कोटींना लखनौचा संघ घेतला आणि नाव ठेवलं लखनौ सुपर जायंट्स. म्हणजे जाताना नावसुद्धा सामानात बांधून नेलं.

या जखमेवर मीठ २०१८ मध्ये चोळलं गेलं. कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईचे घरचे सामने कुठे हलवले, तर गहुंज्याला. आणि त्या संघाने आपल्या चाहत्यांना चेन्नईहून पुण्यात आणायला खास रेल्वेगाडी सोडली. शिट्ट्या वाजवत, पिवळे झेंडे फडकवत हजारभर लोक उतरले. आमच्या पुण्याच्या मैदानावर ते ‘घरचे’ प्रेक्षक झाले, आणि त्या वर्षी चेन्नई जिंकलीसुद्धा. पुणे वॉरियर्सच्या काळात खान्देशातून सामना बघायला जाणारा माणूस सीझनचं दुप्पट भाडं देऊन ट्रॅव्हल्सने जायचा, सामना संपला की हायवेवर पुलाखाली उभा राहून परतीची गाडी हात दाखवून थांबवायचा. त्याच्यासाठी रेल्वे सोडा, सावलीला एखादा मांडव घालावा असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. चेन्नईवर बंदी आली, बदनामी झाली, दोन वर्षं संघ नव्हता, तरी लोक तिथेच. ती भक्ती पैशाने विकत घेतलेली नाही, हे मान्य. पण तिला पाणी घातलं गेलं होतं. पुण्याच्या मालकांनी आमच्या निष्ठेचं फक्त टीआरपीत रूपांतर केलं.

क्रिकेटवरच हा खेळ थांबला असता तर एकवेळ चाललं असतं. फुटबॉलमध्ये एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये आली, हृतिक रोशन सहमालक. २०१९ मध्ये बंद. त्याआधीचं पुणे एफसीही गेलं. हॉकीच्या लीगमध्ये पुणे स्ट्रायकर्स २०१२ च्या अंतिम सामन्यात हरले आणि मग ती स्पर्धाच राहिली नाही. बॅडमिंटनमध्ये पुणे पिस्टन्स झालं, नंतर पुणे सेव्हन एसेस झालं. या सगळ्यांच्या टोप्या जुन्या बाजारात दहा रुपयांना मिळतात. सांस्कृतिक राजधानी, विद्येचं माहेरघर, पेन्शनरांचं गाव अशी बिरुदं मिरवणाऱ्या शहराने एखादा संघ दहा वर्षं नीट सांभाळून दाखवावा, एवढीच अपेक्षा होती.

असोसिएशनचा खरा संघ, रणजीतला महाराष्ट्र, तो तरी? त्याचं नाव महाराष्ट्राचं, कारभार पुण्याचा, आणि शेवटचा करंडक १९४०-४१ चा, देवधरांच्या कर्णधारपदाखालचा. माझे आजोबा तेव्हा शाळेत होते. १९७०-७१ च्या अंतिम सामन्यात मुंबईचे वाडेकर, गावसकर, सरदेसाई वेस्ट इंडिजमध्ये होते. सुधीर नाईकांनी उरलेल्यांना घेऊन आपल्याला ४८ धावांनी हरवलं. १९९२-९३ मध्ये पंजाबकडून हरलो, २०१३-१४ मध्ये कर्नाटककडून. इथे एक भूगोलाची गंमत आहे. मुक्ताईनगर ओलांडून गाडी मलकापूरला गेली की विदर्भ सुरू होतो आणि असोसिएशन बदलतं. त्या पलीकडच्यांनी २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असे तीन रणजी करंडक नेले. वर्षानुवर्षं मागास, अनुशेषग्रस्त म्हणून गणला जाणारा तो प्रदेश. मुक्ताईनगरचा माणूस दर हिवाळ्यात शेजाऱ्याचा जल्लोष ऐकत बसतो. जिल्ह्याची हद्द आखणाऱ्या गोऱ्या साहेबाला क्रिकेटचं अंग असतं तर आमचं कल्याण झालं असतं.

आता खरी दुखरी नस. २०२३ मध्ये असोसिएशनने महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू केली. राज्यातल्या गावांचे संघ, गावच्या पोरांना संधी वगैरे. सहा संघ ठरले. पुणे, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, रत्नागिरी, सोलापूर. पहिली दोन वर्षं रत्नागिरीने जिंकली. पुण्याचा संघ पुणेरी बाप्पा तिथेही मागेच, पण ते आता अपेक्षितच आहे. पुढे रायगड आणि साताराही यादीत आले. जळगाव? धुळे? नंदुरबार? खान्देश हा शब्द त्या यादीत कुठेच नाही. केळी आमची रशियापासून आखातापर्यंत जातात, सोन्यासाठी अख्खा महाराष्ट्र जळगावात येतो, जैन इरिगेशनसारखी कंपनी खेळाडूंना नोकऱ्या देते आणि तिचा क्रिकेट संघ मुंबईत टाइम्स शील्ड खेळतो. तरी एका संघाची पत आम्हाला नाही. आणि सामने? सगळे गहुंज्याला. रत्नागिरीचा संघ रत्नागिरीत खेळत नाही, सोलापूरचा सोलापुरात खेळला नाही. गावांची नावं छापायची, तिकीट पुण्याचं फाडायचं. निदान नाशिकला अनंत कान्हेरे मैदानावर अधूनमधून रणजी सामना होतो. धुळ्याहून सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परतता येतं, म्हणून आमच्यातले काही नाशिकलाच आपलं म्हणायला लागलेत. मी त्यांना दोष देत नाही.

पुण्याने एकच संघ टिकवला, तो कबड्डीचा, आणि त्यावरूनच मला सगळ्यात जास्त राग येतो. पुणेरी पलटण २०१४ आणि २०१५ मध्ये प्रो कबड्डीत तळाला होती. गुणतक्त्यात खालून पहिली, दोन्ही वर्षं. तिथे मालकांनी दुकान बंद केलं असतं तर कुणाला आश्चर्य वाटलं नसतं. पण त्यांनी युवा पलटण काढली, खेड्यापाड्यातली पोरं उचलली, त्यांना सांभाळलं. अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे त्यातूनच वर आले. २०२२ चा अंतिम सामना हरले आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणाला २८-२५ ने हरवून करंडक आणला. २०२५ मध्ये परत अंतिम फेरीत दिल्लीकडून हरले, ३१-२८. त्या रात्री मला वाईट वाटलं आणि झोपही नीट लागली, कारण संघ सकाळी असणार होता. म्हणजे हे जमतं. दहा वर्षं थांबायची, पोरं घडवायची तयारी असली की पुण्यातही जमतं. सतराशे कोटी मोजणाऱ्यांना तीन वर्षांत दम निघाला नाही, आणि मातीतल्या खेळावर कमी पैसे लावणाऱ्यांना निघाला.

क्रिकेटची अवस्था अशी, की पुण्याचा ऋतुराज गायकवाड चेन्नईचा कर्णधार झाला आणि माझा भाचा पिवळी जर्सी घालून सीएसकेच्या नावाने बोंबलतो. ‘मामा, आपला माणूस तिथंच आहे ना,’ म्हणतो. पुण्याचा माणूस चेन्नईत, पुण्याचं नाव लखनौत, पुण्याचे सामने एका वर्षी विशाखापट्टणमला, आणि पुण्याचा चाहता जळगावात.

पुण्याला पुन्हा आयपीएल संघ मिळणार, अशी पुडी अधूनमधून सुटते. कुणी उद्योगपती पुढे येतो, कुणी नेता ‘पुणेकरांची भावना’ मांडतो. येऊ दे. पण या वेळी आधी करार दाखवा. निदान दहा वर्षं संघ हलणार नाही, नाव बदलणार नाही, आणि असोसिएशनच्या हद्दीतल्या एकेका जिल्ह्यात सरावाचा तरी एक सामना होईल, हे स्टॅम्पपेपरवर लिहून द्या. असोसिएशननेही महाराष्ट्र प्रीमियर लीगचा खान्देशी संघ कधी, ते एकदाचं तारखेनिशी सांगावं. आणि नवी जर्सी विकायला काढलीच, तर ती जळगावच्या फुले मार्केटात आणून विका. गहुंज्यापर्यंत यायचं भाडं आम्ही आता खिशातून घालणार नाही.